मनातला बुद्ध आणि विहारातला संघ

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा आपण कार्यकर्त्यांचे आभार मानतो, देणगीदारांची नावे छापतो. ते योग्यच आहे. पण विहार मुळात हवाच कशाला, हा प्रश्नही एकदा विचारायला हवा. आपलीच शिकलेली मुले म्हणतात, "बुद्ध माझ्या मनात आहे. पंचशील मी पाळतो. मग विहारात आलंच पाहिजे का?" प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्याला इतिहासातूनच उत्तर दिले पाहिजे.

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला पूज्य बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला. मध्ये एकवीस वर्षे गेली. धर्म ही केवळ स्वतःच्या मनापुरती बाब असती, तर विद्वान माणसाला एवढा काळ कशाला लागला असता? घरी बसून, चार ग्रंथ वाचून त्यांना कधीही बौद्ध होता आले असते. पण त्यांना समाजाला बरोबर घेऊन जायचे होते. 1936 साली मुंबईत महार परिषद भरवून त्यांनी धर्मांतराचा प्रश्न लोकांपुढेच ठेवला.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी धर्म आणि धम्म यांतला फरक अगदी सोप्या शब्दांत सांगितला आहे. धर्म ही खाजगी गोष्ट आहे, ती ज्याने त्याने स्वतःजवळ ठेवावी, असे लोक मानतात. धम्म मात्र सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की मात्र धम्मावाचून गत्यंतर नाही.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी एक ऐतिहासिक उणीव दाखवली आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पूर्वी भिक्खूंसाठी संघदीक्षा होती, पण गृहस्थ उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळे उपासक आज या धर्मात तर उद्या त्या धर्मात, कधी एकाच वेळी दोन्हीकडे, असा राहिला. भारतातून बौद्ध धम्म मागे पडण्याचे हे एक कारण झाले, असे बाबासाहेब सांगतात.

आपल्याच भागाकडे पाहा ना. सोपाऱ्याला सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले. भिवंडी तालुक्यात लोनाडची लेणी आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांच्या देणग्या कोरलेल्या आहेत. आपल्या शेजारच्या गावातल्या माणसांनी लेण्यांना दान दिले होते! दान राहिले, दगड राहिले, पण त्या दात्यांचे वंशज बौद्ध राहिले नाहीत. श्रद्धा होती, दानत होती, पण घराला धम्माशी बांधून ठेवणारा धागा नव्हता.

तो धागा नागपूरला विणला गेला. बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो गृहस्थांना दीक्षा दिली. सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या नीट वाचल्या तर दोन्ही बाजू दिसतात. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, हे ज्याचे त्याने सांभाळायचे. सर्व माणसे समान आहेत आणि मी समता स्थापण्याचा प्रयत्न करीन, हे मात्र एकट्याने होत नाही. त्याआधी 1955 मध्येच त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली होती, ती याचसाठी.

आता दुसरी बाजू. नुसती संघटना म्हणजेही धम्म नव्हे. कमिटी आहे, पावती पुस्तक आहे, जयंतीला लाऊडस्पीकर आहे, आणि घरी बाप दारू पिऊन आईवर हात उगारतो, तर तो विहार फक्त चार भिंती! भिक्खूलासुद्धा बाबासाहेबांनी सोडले नाही. भिक्खू केवळ स्वतःला परिपूर्ण करण्यात गुंतला तर तो स्वार्थी ठरेल, समाजसेवक झाला तर बौद्ध धम्माची आशा ठरेल, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

आपल्यापैकी काहीजण नाशिक रस्त्याने इगतपुरीला विपश्यना शिबिराला जातात. सत्यनारायण गोएंकाजींनी 1969 मध्ये ब्रह्मदेशातून येऊन भारतात ही साधना शिकवायला सुरुवात केली. कोणत्याही धर्माचा माणूस धर्म न बदलता ती शिकू शकतो. मन शांत होते, राग आवरतो, चांगलेच आहे. पण दहा दिवसांचे मौन संपवून माणूस येतो तो कामतघरच्याच गल्लीत. शेजाऱ्याचे यंत्रमाग बंद पडले, त्याच्या मुलीची फी थकली, तेव्हा त्या शांत मनाचा उपयोग काय झाला, हे तिथे कळते.

म्हणून मुलांना सांगावे, बुद्ध मनात आहे ना, मग त्याला एकटा ठेवू नकोस. रात्रपाळी करून आलेला कामगार, नातवाला बोट धरून आणणारी आजी, दहावीचा अभ्यास करायला जागा नसलेला पोरगा, यांच्यासोबत एकदा वंदनेला बस. आणि आपण मोठ्यांनी विहार असा ठेवावा, की तिथे आलेल्या मुलाला पावती पुस्तकाआधी माणूस भेटावा.

जयभीम! नमो बुद्धाय!