इंग्रज माणूस : स्वभाव आणि रीतिरिवाज (वॉटफर्डमधून)



इंग्लंडात नव्याने आलेली मराठी कुटुंबं पहिल्या सहा महिन्यांत एक वाक्य हमखास बोलतात, "लोक चांगले आहेत हो, पण कुणाशी ओळखच होत नाही." वॉटफर्डला आलो तेव्हा आम्हीही हेच म्हणत होतो. व्हिसा, कौन्सिल टॅक्स, शाळाप्रवेश यांची माहिती हवी तेवढी मिळते. भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाच्या स्वभावाची मात्र कुणी देत नाही. म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. 'ब्रिटिश' आणि 'इंग्रज' हे दोन शब्द वेगळे आहेत. स्कॉटिश किंवा वेल्श माणसाला इंग्रज म्हणणं म्हणजे नागपूरकराला "तुम्ही पुण्याचेच ना?" असं विचारण्यासारखं आहे, किंबहुना त्याहून वाईट! शिवाय वॉटफर्डमध्ये आज अनेक देशांची माणसं राहतात (२०२१ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या सुमारे १ लाख २ हजार). आम्ही लिहितोय ते इथल्या जुन्या इंग्रज कुटुंबांबद्दल, आणि तेही शेजारी आणि सहकारी म्हणून जेवढं दिसलं तेवढंच. वॉटफर्ड हर्टफर्डशरमध्ये, लंडनच्या वेशीला लागून आहे. 'वॉटफर्डच्या उत्तरेला' म्हणजे सुधारलेल्या जगाच्या बाहेर, अशी लंडनकरांची जुनी थट्टा आहे. ती मुळात नॉर्थॅम्प्टनशरमधल्या वॉटफर्ड गॅपबद्दल होती असं काहीजण म्हणतात. इथले लोक दोन्ही अर्थांनी हसून घेतात.

अंतर

आपल्याकडे "सहज आलो होतो" हे एखाद्याच्या घरी जाण्याचं पुरेसं कारण असतं. इंग्रजाच्या घरी 'सहज' जाता येत नाही. घर ही त्याची अगदी खासगी जागा. बोलावणं आठवडा-दोन आठवडे आधी येतं, त्यात वेळ असते, आणि बऱ्याचदा किती वाजता संपणार तेही असतं. यात तुसडेपणा नाही. आपण दार वाजवलं तर समोरच्याची पंचाईत होईल, ही भीती त्यालाच आपल्यापेक्षा जास्त वाटते. "वी मस्ट हॅव यू राउंड सम टाइम" हे आमंत्रण नसून निरोप घेण्याची पद्धत आहे, हे कळायला आम्हाला एक वर्ष लागलं. तोवर आम्ही तारखेची वाट पाहत होतो!

वॉटफर्ड जंक्शनहून यूस्टनला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत वीसेक मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही. पण गाडी मध्येच थांबू द्या आणि दहा मिनिटं हलू नये, की अख्खा डबा एकमेकांकडे बघून उसासे टाकायला लागतो, आणि तीन वर्षं रोज समोर बसणारा गृहस्थ पहिल्यांदा तोंड उघडतो. बर्फ पडलं, वीज गेली, बस चुकली की इंग्रज बोलतो. ओळख नसताना बोलायला त्याला एक सामाईक अडचण लागते. हवेवर बोलणं हा त्याचाच रोजचा, सौम्य प्रकार. "कोल्ड, इझन्ट इट?" याला "नाही, कालच्यापेक्षा बरंय" असं उत्तर देऊ नये. तो तापमान विचारत नसतो. "हो ना!" म्हणावं, की गाडी पुढे सरकते.

मुलांसाठी एक सूचना. आमच्या लेकीने शेजारच्या सत्तरीच्या गृहस्थांना 'अंकल' म्हटलं तेव्हा ते चांगलेच गोंधळले. इथे मोठ्यांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्या जिभेला ते जड जातं, पण त्यांना त्यात अनादर वाटत नाही.

जे बोललं जातं आणि जे म्हणायचं असतं

हा भाग नोकरी करणाऱ्यांनी जरा लक्षपूर्वक वाचावा. 'नॉट बॅड' म्हणजे उत्तम. 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकठाक. 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणजे विषय बदलूया. 'विथ रिस्पेक्ट' आलं की समजावं, आता विरोध येतोय. 'आय'म शुअर इट्स माय फॉल्ट' म्हणजे चूक तुमची आहे, पण मी तसं म्हणणार नाही.

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये साहेबांनी डिझाइन पाहून सांगितलं, "यू माइट लाइक टु हॅव अनदर लुक अ‍ॅट धिस." आम्हाला वाटलं, आवडलं तर बघा. आवडलं नाही, म्हणून बघितलं नाही. पुढच्या बैठकीत कळलं की ती स्पष्ट आज्ञा होती, आणि इतकी स्पष्ट आज्ञा न पाळणारी टीम त्यांनी आजवर पाहिली नव्हती. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये त्याची किंमत मोजली. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपलं "धिस इज राँग" त्यांना थोबाडीत मारल्यासारखं लागतं.

स्वतःची टवाळी हा त्यांचा आवडता खेळ. वॉटफर्ड फुटबॉल क्लब हे त्याचं उत्तम उदाहरण. गायक एल्टन जॉन १९७६ मध्ये क्लबचे अध्यक्ष झाले, १९७७ मध्ये त्यांनी ग्रॅहम टेलर यांना मॅनेजर म्हणून आणलं, आणि चौथ्या श्रेणीतला हा संघ १९८३ मध्ये पहिल्या श्रेणीत लिव्हरपूलच्या खालोखाल दुसरा आला. १९८४ चा एफए कप अंतिम सामना ते एव्हर्टनकडून ०-२ असा हरले. २०१९ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि मँचेस्टर सिटीने ६-० असा धुव्वा उडवला. गोलांवर गोल बसत असताना वॉटफर्डचे प्रेक्षक पिवळे झेंडे फडकवत गात होते. इथे जिंकल्याच्या गोष्टी कमी ऐकू येतात, पण या पराभवाच्या गोष्टी चवीने सांगतात.

नियम, अर्ज आणि एक रस्ता

इंग्रजाचा स्वभाव मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर वॉटफर्डजवळच्या भक्तिवेदांत मॅनरची हकिगत वाचावी. आपण जन्माष्टमीला जिथे जातो तेच हे मंदिर. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी १९७३ मध्ये लेचमोर हीथ खेड्यातला पिगट्स मॅनर हा वाडा इस्कॉनला दिला. (याच टुमदार खेड्यात १९६० चा 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड' हा भयपट चित्रित झाला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.) भाविक वाढले, अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या आणि गावकऱ्यांनी तक्रारी केल्या. कुणी दगड मारले नाहीत, मोर्चा आणला नाही. नगरपालिकेला पत्रं गेली. हर्ट्समीअर कौन्सिलने १९८७ मध्ये नोटीस काढली, की जागेच्या वापराची परवानगी सार्वजनिक पूजेसाठी नाही. चौकशा झाल्या, अपिलं झाली, मार्च १९९४ मध्ये युरोपीय मानवाधिकार आयोगानेही अर्ज फेटाळला. त्याच महिन्यात हजारो हिंदू लंडनच्या रस्त्यावर उतरले.

तक्रार खरोखर गाड्यांची होती की आपल्या लोकांची? आमच्या मते दोन्ही मिसळलेलं होतं. पण इंग्रज समाजात मनातलं कारण काहीही असो, ते मांडायचं ते गाड्या, गोंगाट, पार्किंग या भाषेत, आणि उत्तरही त्याच भाषेत द्यावं लागतं. मंदिराने ते दिलं. गाव टाळून मुख्य रस्त्याकडून थेट मंदिरात येणारी स्वतंत्र वाट काढायचा प्रस्ताव ठेवला, आणि १९९६ मध्ये सरकारने त्याला मंजुरी दिली. रस्त्याचं नाव धरम मार्ग. इतकी वर्षं चाललेला वाद रस्ता झाल्यावर मिटला, आणि त्याच मंदिरात आज उत्सवाला हजारो लोक येतात. तेव्हा आपल्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबावर प्लॅनिंगची पिवळी-पांढरी नोटीस लावलेली दिसली तर वाचत जा. मत द्यायची मुदत त्यावर लिहिलेली असते. मुदतीत आलेलं पत्र मोजलं जातं, नंतरचा संताप नाही.

प्राणी

प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था, आताची आरएसपीसीए, इथे १८२४ मध्ये स्थापन झाली. मुलांसाठी तशी संस्था लंडनमध्ये निघाली ती १८८४ मध्ये! यावरून इंग्रज स्वतःच विनोद करतात. पण या प्रेमाची जात आपल्यापेक्षा वेगळी आहे. डिसेंबर २००७ मध्ये त्याच मॅनरच्या गोशाळेतली गंगोत्री नावाची जखमी गाय उपचार चालू असताना आरएसपीसीएने इंजेक्शन देऊन मारली. त्यांच्या दृष्टीने वेदना संपवणं ही दया होती, मंदिराच्या दृष्टीने शेवटपर्यंत सेवा करणं ही दया होती. वर्षभराने संस्थेने माफी मागितली आणि मंदिराला एक गाय भेट दिली. हे प्रकरण आठवलं की कुत्र्याला 'झोपवून आणल्याचं' सांगताना रडणारा सहकारी कळतो.

ओळख कशी होते

घराच्या दारातून होत नाही, कामातून होते. शाळेच्या पीटीएमध्ये केकच्या टेबलावर उभं राहा, चॅरिटी शॉपमध्ये शनिवारचे दोन तास द्या, कॅसिओबरी पार्कमध्ये रोज एकाच वेळी फिरायला जा. भाजीची हौस असेल तर कौन्सिलच्या अलॉटमेंटसाठी नाव घाला. पालिका नाममात्र भाड्याने जमिनीचा तुकडा देते, रांग मात्र मोठी असते. मेथी कशी लावायची हे विचारायला आलेला इंग्रज पुढच्या वर्षी आपल्याला बीटचं रोप देतो. पबमध्ये सगळ्यांसाठी पेयं आणायची पाळी प्रत्येकावर येते; तुम्ही संत्र्याचा रस पीत असलात तरी ती चुकवू नका. दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांना जरूर द्या, सोबत कशात काय आहे याची चिठ्ठी द्या. इथे दाण्यांची अ‍ॅलर्जी हा गंभीर मामला असतो.

आमचे बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा शेजाऱ्यांना निघताना घाईत तेवढं सांगितलं. ते "सो सॉरी" म्हणाले आणि आत गेले. भेटायला कुणी आलं नाही. निघायच्या आधी दाराच्या फटीतून एक कार्ड आत पडलेलं होतं, दोन ओळींचं. विमानात आम्ही त्यावरून बरंच काही बोललो, ते इथे लिहीत नाही. तीन आठवड्यांनी परत आलो तर समोरचं गवत कापलेलं होतं, कचऱ्याचे डबे वेळच्या वेळी बाहेर ठेवून परत आत आणलेले होते, आणि टपाल एका पिशवीत बांधून ठेवलेलं. आभार मानायला गेलो, तर शेजारी दारातच म्हणाले, "मशीन बाहेर काढलेलंच होतं," आणि हवा जरा गार झाल्याचं सांगितलं. आम्ही म्हटलं, हो ना.