कस्टर काउंटी, १८८६

झाडं शोधू नका. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या मध्यावरच्या या काउंटीत, १८८६ च्या उन्हाळ्यात, नजर पोचेल तिथवर गवतच आहे. झाडं असलीच तर ओढ्या-नद्यांच्या काठाला. घर बांधायला लाकूड मिळत नाही, दगड मिळत नाही. उरते ती पायाखालची जमीन.

म्हणून तुम्ही नांगर धरता. हा नांगर माती भुसभुशीत करत नाही. मुळांनी घट्ट विणलेली जमीन तो सलग पट्ट्यांत सोलतो. पट्टा फूटभर रुंद, चार बोटं जाड. फावड्यानं त्याचे दोन-तीन फुटांचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून, सांध्यावर सांधा येऊ न देता रचायचे. तुकडा उचलताना दोन्ही हात भरतात, खालून पांढरी मुळं लोंबत असतात.

भिंती दोन फुटांहून जाड. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. छत मात्र आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखंच पावसाला भितं: बाहेर पाऊस थांबला तरी आत चिखल गळत राहतो. म्हणून आढ्याखाली मलमलीचं कापड ताणलेलं आहे. माती त्यात साठते, उंदीर पडतात, कधी साप. चुलीत गुरांच्या वाळलेल्या शेणी.

हे सगळं कशासाठी? १८६२ च्या कायद्यानं १६० एकर मिळतात. मुख्य अट ही: पाच वर्षं तिथं राहायचं, जमीन कसायची. एकट्या बाईलाही हा हक्क आहे. क्रिसमन कुटुंबातल्या चार बहिणी आपल्या मातीच्या घरापुढं उभ्या राहून फोटो काढून घेतात, तो याच वर्षी आणि याच काउंटीत.

फोटो काढणारा सॉलोमन बुचर. स्वतःच्या जमिनीवर तो टिकला नव्हता. आता घोडागाडीत काचेच्या प्लेटा भरून घरोघर फिरतोय, काउंटीचा इतिहास लिहायचा म्हणून. त्याच्या मागोमाग एका अंगणात जा. घरच्या बाईला फोटो हवाय, पण पूर्वेकडच्या मैत्रिणींना मातीचं घर दिसता कामा नये. मग घरातला ऑर्गन उचलून उघड्यावर आणला जातो आणि कुटुंब त्याच्याभोवती उभं राहतं. तिला हसू नका. गळक्या छताखाली वर्षं काढणाऱ्या बाईनं स्वतःबद्दल काय सांगायचं, हे तिनंच ठरवलं.

१२ जानेवारी १८८८ ला सकाळ उबदार निघते. मुलं कोटाशिवाय शाळेत जातात. मग वादळ येतं, इतकं दाट की हात दिसत नाही. मैदानी मुलखात त्या दिवशी शेकडो माणसं गोठून मेली. पुढं नव्वदच्या दशकात दुष्काळ पडला आणि अनेकांनी जमिनी सोडल्या. बुचरचं घर १८९९ मध्ये जळालं, लिखाण राख झालं. प्लेटा तेवढ्या वाचल्या. त्यानं पुन्हा लिहिलं आणि १९०१ मध्ये पुस्तक काढलं.

त्या प्लेटा आज राज्याच्या इतिहास संस्थेत आहेत, आणि मला त्या फार मोलाच्या वाटतात. पण त्यांत इथले मूळ रहिवासी पॉनी लोक शोधा, जवळजवळ सापडणार नाहीत. लूप नदीची ही खोरी त्यांची शिकारीची भूमी होती. बुचर कॅमेरा घेऊन निघायच्या दहा-बारा वर्षं आधी त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. आणि काउंटीला नाव मिळालं ते १८७६ मध्ये लाकोटा-शायान योद्ध्यांशी लढताना मेलेल्या सेनाधिकाऱ्याचं. 'मोकळी जमीन' आधी मोकळी करवून घेतली होती, हे सांगितल्याशिवाय त्या चार बहिणींचं धाडसही मला पुरतं सांगता येत नाही.

एकविसाव्या शतकात नेब्रास्कातल्या एका जोडप्यानं लूपकाठची आपली जमीन पॉनी राष्ट्राला परत दिली. पॉनींनी जपलेलं मक्याचं जुनं बियाणंही आता पुन्हा नेब्रास्काच्या मातीत पेरलं जातं; ओक्लाहोमात ते नीट येत नव्हतं.