बसऱ्याहून न परतलेला दोस्त

आमच्या सातारा जिल्ह्यातील गावात चावडीच्या भिंतीत एक दगडी फरशी बसवलेली आहे. या गावातून महायुद्धात किती माणसे गेली आणि किती कामी आली, एवढाच हिशेब तिच्यावर कोरला आहे. नावे नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा फरश्या सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांना दिल्या. अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात गेले आणि गावाला 'अपशिंगे मिलिटरी' हे नाव कायमचे चिकटले. आमच्या गावच्या आकड्यात एक माणूस असा आहे, ज्याला आमच्या घरात आजही 'दोस्त' म्हणूनच ओळखले जाते. तो आमच्या आजोबांचा दोस्त. जातीने मराठा. दोघे एकाच दिवशी भरती झाले आणि एकाच मराठा पलटणीत गेले.

मराठा पलटणीत मुसलमान कसा, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी आणि कोकणी मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. ही गोष्ट मराठ्यांच्या नातवांनाही माहीत नाही आणि आमच्या पोरांनाही नाही. दोघांनी ती विसरावी, हे आम्हाला बरे वाटत नाही.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रज आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. इराणच्या तेलाच्या रक्षणासाठी हिंदी फौज इराणी आखाताच्या उत्तर टोकाशी उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. या फौजेचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. पुढच्या वर्षी जनरल टाउनशेंडने तैग्रिस नदीच्या काठाकाठाने अमारा घेतले, कूत घेतले आणि बगदादच्या आशेने तो आणखी वर सरकला. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे मोठी लढाई झाली. इंग्रज त्या जागेला टेसिफॉन म्हणत. आमचे आजोबा सलमान पाक म्हणत. कारण तिथे हजरत सलमान फारसी यांची मजार आहे. खलिफाच्या फौजेवर, तेही अशा जागी गोळी झाडताना मुसलमान शिपायाच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. आजोबा त्यावर एवढेच म्हणत, "मीठ खाल्लं हुतं."

या लढाईत टाउनशेंडचे चार हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. आजोबांच्या मांडीत गोळी घुसली. दोस्ताने त्यांना पाठीवर घेऊन मागे आणले आणि बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यात घातले. तिथून नदी, मग बोटीच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने पडलेले जखमी, औषध नाही, पाणी नाही. या हालांचा पुढे विलायतेत मोठा गाजावाजा झाला, चौकशी समिती बसली आणि १९१७ मध्ये तिच्या अहवालानंतर भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. पण त्या हालांनीच आजोबांना बसऱ्यापर्यंत आणि तिथून मुंबईपर्यंत पोहोचवले. दोस्त मात्र धडधाकट होता. म्हणून तो फौजेबरोबर माघारी कूतला गेला आणि तिथे अडकला.

कूतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. धान्य संपत आले, घोडी कापावी लागली. ते मांस खाण्यावरून हिंदी शिपायांत धर्मसंकट उभे राहिले, तेव्हा हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली. वेढा फोडायला निघालेल्या फौजांचे सुमारे २३ हजार लोक कामी आले किंवा जायबंदी झाले, तरी वेढा फुटला नाही. अखेर सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या हाती लागले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवले गेले. शिपाई मात्र समारा, मोसुल, नुसैबिन असे उन्हातून चालवले गेले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. भूक, हगवण आणि ज्वर यांनी हजारोंचा बळी घेतला. कोण कुठे पडला, याचा नीट हिशेब राहिला नाही.

तुर्कांनी हिंदी कैद्यांतले मुसलमान वेगळे काढले होते आणि त्यांना बरी वागणूक देण्याचे धोरण ठेवले होते. आजोबांना हे सुटून आलेल्या एका शिपायाकडून कळले आणि तो काटा मरेपर्यंत त्यांच्या मनात राहिला. ते म्हणत, "म्या संगं असतो तर मला सावलीला बसवलं असतं आन् त्येला रुळावर धाडलं असतं. त्येनं मला पाठीवर घेतला हुता."

दोस्ताच्या मृत्यूचा कागद आला नाही. सरकारी भाषेत तो 'बेपत्ता' होता. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याची खबर नाही, तो मेला असे धरता येत असे. कायद्याने धरले असेल, त्याच्या बायकोने धरले नाही. तिने कुंकू पुसले नाही. आजोबा दर भाऊबीजेला तिच्याकडे ओवाळून घ्यायला जात. आम्हीही लहानपणी त्यांचे बोट धरून गेलो आहोत. कपाळावर आडवी चिरी, हातात हिरव्या बांगड्या, पाटावर आजोबा.

१९६२ साली ती वारली. मयताभोवती वाद उभा राहिला. सवाष्ण म्हणून हिरवे लुगडे नेसवायचे की विधवा म्हणून पांढरे? भावकीत दोन तट पडले. शेवटी पाटलांनी आजोबांना बोलावून घेतले. "मियाभाई, बसऱ्याला संगं तुमीच हुता. तुमी सांगा." आजोबा काठी टेकत पुढे झाले. म्हणाले, "म्या त्येला मेलेला बघितला न्हाई." मग कुणी काही बोलले नाही. तिचा मळवट भरला गेला.

बसऱ्याला १९२९ मध्ये बेपत्ता सैनिकांचे स्मारक उघडले. तिथे चाळीस हजारांवर माणसांची आठवण आहे. पण गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांची पलटणवार संख्या. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते स्मारक शहरापासून दूर वाळवंटात हलवले गेले. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या २०२१ च्या अहवालात या भेदभावाची कबुली देऊन माफी मागण्यात आली. आता शिपायांच्या नोंदी संगणकावर पाहता येतात. आम्हीही पाहिल्या. दोस्ताच्या नावाचे अनेक जण निघाले. त्यांतला आमचा कोणता, ते ठरवता आले नाही.

म्हणजे बसऱ्याला तो एक आकडा आणि आमच्या चावडीवरही एक आकडाच. आजोबा १९६६ मध्ये गेले. ते जाता-येता चावडीपाशी थांबत आणि त्या फरशीवर हात फिरवत. त्यांना वाचता येत नव्हते. पुष्कळ वर्षे आम्हाला वाटे, तिथे दोस्ताचे नाव कोरले आहे असे ते समजत असावेत. एकदा आम्ही धीर करून सांगितले, "दादाजी, इथं नाव न्हाई." ते म्हणाले, "ठावं हाय. म्हनून तर थांबतो."