पेवाचा तळ आणि विहिरीचं पाणी

शेततळ्याशेजारी घर बांधतोय, खाली तळघर काढू का, असं बरेच जण विचारतात. मला आधी सांगलीजवळचं हरिपूर आठवतं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, नदी उशाशी, तरी पिढ्यान् पिढ्या हळद जमिनीखाली पेवात ठेवली. माती अशी घट्ट की पाझर आत येत नाही. २००५ च्या महापुरात मात्र पाणी वरून, तोंडातूनच शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची गेली.

खालच्या पाण्याची गोष्ट वेगळी. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव पाझर तलाव झाले. ते बांधलेच भूजल वाढवायला. अशा तलावाच्या खालच्या अंगाला आजोबांच्या काळचं कोरडं पेव दाखवून तळघराची खोली ठरवू नका, आणि मे महिन्यातली विहीर बघून तर नकोच. (कागद घातलेलं शेततळं पाझरत नाही म्हणता? कागद फाटेपर्यंत!) चांगल्या पावसाच्या वर्षी भाद्रपदात शेजारच्या विहिरीचं पाणी जमिनीपासून किती फुटांवर येतं ते मोजा. तळघराची फरशी त्याच्या चांगली वर, आणि जिन्याचं तोंड पुराच्या खुणेच्या वर हवं. एवढं बसत नसेल तर मी तळघराचा नाद सोडून जोतंच उंच घेईन.