क्षयजंतूंचे अनुस्फुरक परीक्षण

क्षयजंतूंचे अनुस्फुरक परीक्षण : एका रंगाचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा प्रकाश तत्काळ उत्सर्जित करण्याच्या काही पदार्थांच्या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. असे पदार्थ जंतूंना चिकटवून किंवा त्यांच्या सान्निध्यात ठेवून जंतूंचे अस्तित्व, वाढ व औषधरोध ओळखण्याच्या पद्धती विसाव्या शतकात विकसित झाल्या. क्षयाच्या निदानात त्यांचा विशेष उपयोग झाला. ठाणे, कल्याण, डोंबिवली व मुंबई या दाट वस्तीच्या सलग पट्ट्यात तर या पद्धतींच्या इतिहासाला लोकांच्या जगण्या-मरण्याचा संदर्भ आहे.

क्षयजंतूचा शोध रोबेर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. पुढच्याच वर्षी कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुणे येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. रोगाचे कारण तोवर ज्ञात झाले होते. मात्र जंतू दिसणे आणि रोगी वाचणे यांत त्या काळी फार मोठे अंतर होते.

क्षयजंतूच्या आवरणात मेणासारखे स्निग्ध पदार्थ असल्याने तो सहजी रंग घेत नाही. पण एकदा घेतलेला रंग अम्लाने धुतला तरी सोडत नाही. झील व नेल्सन यांनी या गुणावर बसविलेली पद्धत पुढे जगभर रूढ झाली. तीत निळ्या पार्श्वभूमीवर लाल जंतू शोधावे लागतात. त्यासाठी सु. १,००० पट वर्धन लागते, दृष्टिक्षेत्र अगदी लहान असते आणि थुंकीची काचपट्टी जंतुविरहित ठरविण्यापूर्वी अशी १०० क्षेत्रे तपासावी लागतात. एक तंत्रज्ञ दिवसाला सु. २५ पट्ट्याच नीट पाहू शकतो. शिवाय थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये ५,००० ते १०,००० जंतू असल्याखेरीज ते सहसा नजरेस पडत नाहीत.

ऑरामीन हा पिवळा रंजक हाइन्रिख कारो व आल्फ्रेट केर्न यांनी १८८३ मध्ये तयार केला. कापड, कागद व कातडी रंगविणे हाच त्याचा मूळ उपयोग. (डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यातील रंग-रसायनांच्या कारखान्यांमुळे अशा कृत्रिम रंजकांची ओळख या भागाला वेगळी करून द्यावी लागत नाही, ऑरामीनचे उत्पादन मात्र तेथील कामगारांच्या दृष्टीने कर्करोगकारक ठरले आहे.) कापडाच्या या रंजकाला प्रयोगशाळेत येण्यास अर्धशतक लागले. जर्मनीत हागेमान यांनी १९३७ च्या सुमारास त्याने क्षयजंतू रंगवून दाखविले. निळ्या प्रकाशात असे जंतू काळोख्या पार्श्वभूमीवर पिवळसर हिरवे चमकतात. २०० ते ४०० पट वर्धन पुरते, एका नजरेत मोठे क्षेत्र येते आणि पट्टी वाचण्यास पूर्वीच्या सु. एक-चतुर्थांश वेळ लागतो. जंतू सापडण्याचे प्रमाणही सरासरीने सु. दहा टक्क्यांनी वाढते.

इतकी सोयीची पद्धत भारतात दीर्घकाळ मोठ्या रुग्णालयांपुरती राहिली, याचे कारण दिव्यात होते. पारद-बाष्पाचा दिवा महाग, सु. २०० तासांत निकामी होणारा. त्याला अंधारी खोली व स्थिर वीजपुरवठा लागे. प्रकाश-उत्सर्जक डायोड (एलईडी) वापरात आल्यावर ही अडचण संपली. हे दिवे हजारो तास टिकतात व विद्युत् घटावरही चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांची शिफारस केली. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निकषानुसार एक लाख वस्तीमागे एक सूक्ष्मदर्शन केंद्र अपेक्षित होते. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. या दोन शहरांनाच अशी सु. ३० केंद्रे लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रत्येक पट्टीमागे वाचणाऱ्या मिनिटांचे मोल कळते.

रंजकाची एक मर्यादा मात्र राहिली : मेलेला जंतूही जिवंत जंतूइतकाच चमकतो. जिवंतपणा वाढीवरून ठरतो आणि अंड्याच्या घन माध्यमावर क्षयजंतूंची वाढ दिसण्यास चार ते आठ आठवडे लागतात. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या संवेदक-नलिकेने ही मुदत बरीच घटविली. तिच्या तळाशी सिलिकोनमध्ये रुथेनियमचे अनुस्फुरक संयुग असते. द्रव माध्यमात विरघळलेला ऑक्सिजन त्याचे अनुस्फुरण दाबून ठेवतो. जंतू वाढू लागून ऑक्सिजन संपवितात, तसा तळ जंबुपार प्रकाशात नारिंगी उजळतो. येथे जंतू रंगविला जात नाही, त्याचे श्वसन टिपले जाते. औषध घातलेली नलिकाही उजळली, तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही असे ठरते.

हे कळणे किती निकडीचे आहे ते मुंबईत दिसून आले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथील १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या होत्या. २०१० च्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३. अर्धवट वा चुकीच्या उपचारातून औषधरोधी जंतूंचीच निवड होते. तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस नोंदविले. ‘संपूर्ण औषधरोधी’ ही संज्ञा केंद्र शासनाने अमान्य केली. त्या वादात रुग्णांचा मूळ प्रश्न काहीसा मागे पडला.

दरम्यान संजय त्यागी व फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे केसपिनेच्या आकाराचा डीएनए-शोधक तयार केला होता. त्याच्या एका टोकाला अनुस्फुरक व दुसऱ्याला ते विझविणारा रेणू असतो. जुळणारा डीएनए भेटला की पीन उघडते व प्रकाश दिसतो. रिफॅम्पिसिनला होणाऱ्या रोधाची सु. ९५ टक्के उत्परिवर्तने क्षयजंतूच्या एका जनुकातील ८१ घटकांच्या तुकड्यात आढळतात. असे पाच शोधक तो तुकडा व्यापतात. त्यांपैकी एखादा उजळला नाही, तर रोध असल्याचे समजते. या तत्त्वावरील स्वयंचलित चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. ‘सीबीनॅट’ या नावाने ती महाराष्ट्रातील शासकीय केंद्रांत परिचित झाली. निष्कर्ष सु. दोन तासांत मिळतो. पुढे गोव्यातील मोलबायो संस्थेची ‘ट्रूनॅट’ ही घटावर चालणारी लहान उपकरणांची पद्धत आली व २०२० मध्ये तिलाही तशी मान्यता मिळाली.

मृत जंतूंचा डीएनए या चाचण्यांतही उजळतो. त्यामुळे निदानासाठी त्या श्रेष्ठ असल्या, तरी चालू उपचार लागू पडत आहे की नाही हे पाहण्यासाठी रुग्णाची थुंकी ठराविक काळाने काचपट्टीवर व संवर्धन-नलिकेत पुन्हा तपासावी लागते.