कबुतर कुठून आलं?

लहानपणी पावसाची झड लागली की दादी नूह पैगंबरांच्या किश्तीचा किस्सा सांगायची. पाणी ओसरलं का ते पाहायला नूह कबुतर सोडतात. ते चोचीत जैतुनाची डहाळी घेऊन परततं. पुढे कुराण अर्थासह वाचलं. त्यात किश्ती आहे, जूदी पर्वत आहे; कबुतर नाही. ते बायबलच्या ‘उत्पत्ती’तलं.

आणि बायबलच्याही आधीचं! नोटांचे ठसे कोरायला शिकलेला जॉर्ज स्मिथ १८७२ साली ब्रिटिश म्युझियममध्ये निनवेहून आलेल्या मातीच्या पाट्या वाचत होता. गिल्गमेशच्या महाकाव्याच्या अकराव्या पाटीवर त्याला प्रलय सापडला. तिथे उत्नपिश्तिम आधी कबुतर सोडतो, मग पाकोळी, मग डोमकावळा. कावळा परतत नाही, म्हणजे जमीन उघडी पडली. बायबलात कावळा पहिला जातो.

पक्षी तेच, कारण मात्र बदललं. बाबिलोनच्या अत्रहासिस काव्यात माणसांच्या गोंगाटानं देवाची झोपमोड होते, म्हणून पूर. बायबलात माणसांच्या दुष्टपणामुळे. मला हा बदलच खरा इतिहास वाटतो. पुरात सारं गेलेला माणूस ‘का?’ विचारणारच, उत्तर ज्याचं त्याचं.

बी.ए.ला असताना हे प्रथम वाचलं तेव्हा मात्र मी हादरलो होतो. श्रद्धेचं काय करायचं? घाबरत दादीला म्हणालो, ‘‘कुराणात कबुतर नाहीच.’’

दादी तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘नसेल. मग पाणी ओसरलं हे त्यांना कळलं कसं, ते सांग.’’