वऱ्हाडातील तरुणांचे राजकारण
अमरावती-अकोल्याचे तरुण राजकारणाकडे बहुधा दारातल्या अडचणीतून वळले. 1930 मध्ये, समुद्र दूर असतानाही, अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे मिठाचा सत्याग्रह झाला. खारपाण पट्ट्यातील विहिरीचे खारे पाणी, एरवी गावाची व्यथा, तेथे कायदेभंगाचे साधन ठरले. त्याआधी, 1927 मध्ये, अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेशासाठी दलितांनी लढा उभारला. विलायतेहून नुकतेच परतलेले पापळचे पंजाबराव देशमुख (जन्म 1898) त्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षणाने आलेले बळ आणि डोळ्यांदेखत होणारा अपमान, या दोहोंपुढे पक्षनिष्ठा दुय्यमच वाटते. 1932 मध्ये पंजाबरावांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. दारातली अडचण पुढेही राजकारणात येत राहिली: 1980 च्या दशकात शेतकरी संघटनेने कापसाच्या भावाचा प्रश्न रस्त्यावर आणला.